कोचसरांची लांब किक न मोडता आक्रमण कसं बदलावं

आमच्या फुटबॉल टीमला गोल किक (समोरच्यांनी चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर घालवला की मिळणारी किक) मिळाली की एक ठरलेली गोष्ट घडायची. गोलकीपर चेंडू ठेवायचा, दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, पुढे पळत सुटायचे, सगळी पोरं मधल्या रेषेपाशी एका घोळक्यात जमायची आणि सर बाहेरून ओरडायचे, "मार लांब!" चेंडू उंच जायचा, कुणाच्या तरी डोक्याला लागायचा आणि ज्याच्या नशिबी असेल त्याच्या पायात पडायचा. नऊ वर्षं मी हे पाहिलं.

मी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये कामाला आहे आणि संध्याकाळी फुटबॉल टीमचा सहायक कोच. सर आता चौसष्ट वर्षांचे. पूर्वी सरकारी शाळेत पीटी शिकवायचे, तरुणपणी गावच्या क्लबात स्टॉपर होते. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज पोलिसात आहेत, बँकेत आहेत, कुंडईच्या कारखान्यांत शिफ्ट सांभाळून अजून गावच्या टीममध्ये खेळतात आणि सर रस्त्यात दिसले की गाडी थांबवून खाली उतरतात. अशा माणसाला बाजूला सारून टीम सुधारत नसते.

तुमच्याही डोक्यावर असा जाणता पण जुन्या वळणाचा कोच असेल, त्यांचा मान राखून टीमचा खेळ पुढे न्यायचा असेल, तर मी काय केलं आणि आधी काय चुकलो ते सांगतो.

पोरांसमोर व्हिडिओ दाखवू नका

ही माझी चूक. २०१९चा डिसेंबर होता. एफसी गोवा ही व्यावसायिक टीम तेव्हा कोच सर्जिओ लोबेरांच्या हाताखाली खेळत होती. गोलकीपरपासून जमिनीवरून पास, मग मधून वाट काढत पुढे. त्याच सीझनला त्यांनी लीग शिल्ड, म्हणजे साखळी फेरीत पहिलं येणाऱ्याची ढाल, जिंकली. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जाऊन आलेली पोरं सरावाला आली की तेच बोलायची. मी एका संध्याकाळी लॅबमधला प्रोजेक्टर लावला, पोरांना बसवलं आणि त्या सामन्यांचे तुकडे दाखवले. एका तुकड्यानंतर सहज बोलून गेलो, "बघा, आपण असतो तर इथे चेंडू उडवला असता."

सर दारात उभे होते. कधी आले मला कळलं नाही. काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी मैदानावर गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "घे. तूच शिकव." दहा दिवस ते कुंपणाजवळच्या चिऱ्यावर बसून राहिले. सराव चालू होता, पण पोरांचं निम्मं लक्ष त्या चिऱ्याकडे. अकराव्या दिवशी मी शिट्टी घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी शिट्टी घेतली, पण खेळाचा विषय आमच्यात पुढे कितीतरी महिने निघाला नाही. मग कोविड आला आणि मैदानच बंद पडलं.

त्या बंद काळात मी याच गोष्टीचा विचार केला. मी जे दाखवलं त्यात फुटबॉलचं काही चुकीचं नव्हतं. चूक ही होती की कोचचा निवाडा मी त्यांच्याच पोरांसमोर केला. असं झालं की कोचला एकच वाट उरते, आपली पद्धत धरून बसायची. मग तो हट्ट फुटबॉलचा राहत नाही.

आधी कोच कुठे बरोबर आहे ते शोधा

२०२२ला पावसाळ्यात मैदान परत सुरू झालं तेव्हा मी एक शंभर पानी वही केली आणि तीन सामने फक्त गोल किक मोजल्या. लॅबमध्ये वीस वर्षं रीडिंग घेणाऱ्याला दुसरं काय सुचणार! चार रकाने होते. किक कुठे पडली, पहिला हेडर कुणी जिंकला, त्यातून सुटलेला दुसरा चेंडू कुणाला मिळाला आणि पुढच्या दहा सेकंदांत काय झालं.

तीन सामन्यांत ३१ किक. पहिला हेडर आमचा ९ वेळा. दुसरा चेंडू आमचा ११ वेळा. त्यातून गोलावर शॉट एकच. पण चौथ्या रकान्यात आणखी एक गोष्ट होती, जी मला आधी दिसायला हवी होती. त्या ३१ किकांनंतर दहा सेकंदांत आम्ही एकही गोल खाल्ला नव्हता.

सर काय राखत होते ते मला तेव्हा कळलं. आमचं मैदान तांबड्या मातीचं. जुलै-ऑगस्टमध्ये गोलासमोर पाणी साचतं, चेंडू अर्ध्या वाटेत थांबतो. पाऊस गेला की तीच माती अशी कडक होते की चेंडू खड्यावर आपटून घोट्याएवढा उडतो. अशा ठिकाणी गोलाजवळ आखूड पास देऊन चूक झाली तर समोरच्याला रिकामा गोल मिळतो. सरांनी हे स्वतःच्या पायांनी भोगलेलं होतं. शिवाय ते ज्या काळात खेळले त्या काळाचा देव म्हणजे ब्रह्मानंद शंखवाळकर. १९८३-८४च्या राज्यांच्या संतोष ट्रॉफीत गोवा विजेता ठरला तेव्हा गोलमध्ये ते होते. गोल खायचा नाही, पुढचं पुढे बघू, हा सरांच्या पिढीचा पहिला धडा.

तुम्हीही मोजा. तीन सामने पुरे. गोल किक मोजा, कॉर्नर मोजा, थ्रो-इन मोजा, काहीही एकच धरा. मोजताना कोचच्या बाजूचा रकाना आधी आखा. ज्या वहीत फक्त कोचच्या चुका आहेत ती वही त्यांना दाखवण्यात अर्थ नाही.

बोलायची वेळ आणि जागा

हरलेल्या सामन्यानंतर बोलू नका, तेव्हा प्रत्येक वाक्य आरोपासारखं लागतं. जिंकल्यावरही नको, कारण तेव्हा बदलायचं कशाला हा प्रश्न समोर येतो आणि तो रास्तच असतो. प्राचार्यांच्या खोलीत तर मुळीच नको.

आमच्याकडे सगळ्यांत चांगली वेळ म्हणजे चवथीनंतरचा पहिला आठवडा. पोरं घरचे मोदक-नेवऱ्या खाऊन, रात्री जागून, आरत्या म्हणून घसा बसवून आलेली असतात. दम नसतो, सगळं नव्यानं सुरू करावं लागतं. कोचलाही त्या आठवड्यात नवीन आखणी करायची असते. मी सरावानंतर कोन गोळा करताना म्हटलं, "सर, एक वही दाखवायची आहे. चहा घेऊया?"

फर्मागुडीच्या वाटेवरच्या एका गाड्यावर बसलो. मी चौथा रकाना आधी दाखवला. "सर, लांब किकवर आपण एकही गोल खाल्लेला नाही." ते वाचून त्यांनी चष्मा नीट केला आणि वही स्वतःकडे ओढली. मग वरून खाली बोट फिरवत सगळे आकडे वाचले. मी गप्प राहिलो. बऱ्याच वेळानं म्हणाले, "म्हणजे वीस वेळा चेंडू त्यांचा?"

ती बेरीज त्यांनी केली, मी नाही. एवढं पाळा. आकडा मांडा आणि पुढचं वाक्य कोचला बोलू द्या.

नियम बदलला आहे, हे सांगा

सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या कोचची पद्धत आकाशातून पडलेली नसते. ती त्यांच्या काळच्या नियमाला दिलेलं उत्तर असते. सर स्टॉपर होते तेव्हा अडचणीत सापडलं की चेंडू मागे गोलकीपरकडे द्यायचा आणि तो हातात उचलायचा. १९९२ला नियम आला की पायानं मुद्दाम दिलेला बॅकपास गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. एका दिवसात मागची वाट बंद झाली. मग उरलं काय? उडव लांब. सर जेव्हा कोच झाले तेव्हा हेच शहाणपणाचं उत्तर होतं.

नंतर २०१९ला गोल किकचा नियम बदलला. त्याआधी किक मारलेला चेंडू पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलासमोरच्या मोठ्या चौकोनाच्या, बाहेर गेल्याशिवाय खेळात आला असं धरत नसत. आत कुणी पाय लावला तर किक परत. आता चेंडू मारला आणि हलला की खेळ सुरू. आपला स्टॉपर आत उभा राहून तो घेऊ शकतो. समोरच्यांनी मात्र चेंडू खेळात येईपर्यंत पेनल्टी एरियाच्या बाहेरच थांबायचं. ज्यातून किक मारतात त्या छोट्या चौकोनाची पुढची रेषा गोलापासून सहा यार्डांवर, मोठ्याची अठरावर. म्हणजे समोरून धावून येणाऱ्याला बारा यार्ड कापायचे. चांगल्या पोरालाही त्याला दोनेक सेकंद लागतात. तेवढ्यात स्टॉपरला चेंडू थांबवून मान वर करता येते. ही मोकळीक सरांच्या काळी नव्हतीच.

सरांना नियम माहीत होता. पण तो मोठ्या क्लबांसाठी, गुळगुळीत मैदानांसाठी आहे असं त्यांचं मत होतं. तेव्हा मी डब्ल्यू-एमचा, म्हणजे खेळाडू त्या दोन अक्षरांच्या आकारात उभे राहायच्या जुन्या रचनेचा, विषय काढला. ती रचना त्यांना त्यांच्या स्वतःच्या कोचनी खडूनं फळ्यावर शिकवलेली, अजून तोंडपाठ. १९२५ला ऑफसाइडचा नियम सैल झाला, पुढे पास घेणारा आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोन प्रतिस्पर्धी असले की पुरे, आणि इंग्लंडात गोलांचा पाऊस पडायला लागला. ऑक्टोबरात आर्सेनल क्लब न्यूकॅसलमध्ये ७-० हरला. तेव्हा चार्ली बुकन या त्यांच्या खेळाडूनं कोच हर्बर्ट चॅपमनना पटवलं की मधला हाफ, म्हणजे मधल्या फळीतला मधला खेळाडू, मागे बचावात घ्यायला हवा. चॅपमननी ऐकलं आणि पुढच्याच सामन्यात वेस्ट हॅमला ४-० हरवलं. त्यातूनच डब्ल्यू-एम आली, आणि त्या मागे घेतलेल्या माणसाला आपण स्टॉपर म्हणतो.

"सर, तुम्ही आयुष्यभर ज्या जागेवर खेळलात ती जागाच नियम बदलल्यामुळे झाली," मी म्हटलं.

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आणि सांगितलं खेळाडूनं?"

"हो सर."

तुमच्या कोचच्या बाबतीत हा नियम दुसरा असेल. पण शोधा. तुमची पद्धत चुकीची होती हे मान्य करणं कुणालाही जड जातं. नियम बदलला म्हणून उत्तर बदलायचं, हे मान्य करताना कुणाची मान खाली जात नाही. आणि मी हे समजूत घालण्यासाठी म्हणत नाही, ते खरंच आहे.

बाहेरून आकडा लादू नका

माझा भाचा अमेरिकेत आयोवा सिटीला शिकायला आहे. तिथल्या कॉलेजांचा फुटबॉल म्हणजे वेगळाच खेळ. चेंडू लांबट, हातात धरून पळायचं किंवा पुढे फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. त्याच्या विद्यापीठाचे कोच कर्क फेरेंत्झ १९९९पासून तिथे आहेत. बचाव पक्का, लांब किक मारून समोरच्याला मागे ढकलायचं, चूक करायची नाही. भाच्यानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला सरच दिसले.

सप्टेंबर २०२२मध्ये ते साउथ डकोटा स्टेटविरुद्ध ७-३ जिंकले. सात गुण म्हणजे एक टचडाउन, चेंडू घेऊन समोरच्यांच्या गोलरेषेपार जाणं, असेल असं मला वाटलं. भाचा म्हणाला, नाही, टचडाउन एकही नाही. एक फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून मारलेली किक, तीन गुणांचा, आणि बाकीचे चार गुण बचाव फळीनं समोरच्यांना त्यांच्याच गोलरेषेमागे दोनदा पाडून मिळवले. त्या सीझनला टीमची सरासरी सामन्याला अठरा गुणसुद्धा नव्हती. आक्रमणाची जबाबदारी कोचच्या मुलाकडेच होती, ब्रायन फेरेंत्झकडे. लोक चिडले. मग विद्यापीठानं २०२३साठी त्याच्या करारात अट घातली की सामन्याला सरासरी पंचवीस गुण झाले पाहिजेत. झालं काय? सरासरी सोळाच्याही खाली राहिली, सीझन चालू असतानाच तो पुढच्या वर्षी नसेल असं जाहीर झालं. आणि त्याच सीझनला त्या टीमनं दहा सामने जिंकले.

मी या गोष्टीतून दोन गोष्टी घेतल्या. एक म्हणजे जुन्या पद्धतीचा कोच मूर्ख नसतो, दहा सामने असेच जिंकता येत नाहीत. दुसरी, आकडा वरून लादला की सगळ्यांचं लक्ष आकड्यावर जातं आणि खेळ होता तिथेच राहतो. आमच्या कॉलेजातही कुणीतरी म्हणालं होतं की कोचना सांगा, सामन्याला दोन गोल झालेच पाहिजेत. मी हात जोडले.

उलट त्याच देशात अलाबामा विद्यापीठाचे तेव्हाचे कोच निक सेबन. समोरच्या टीमा झटपट, श्वास न घेऊ देता खेळायला लागल्या तेव्हा २०१२मध्ये त्यांनी उघडपणे नाराजी दाखवली. खेळाचा वेग कमी करणारा नियम २०१४मध्ये पुढे आला, त्याला त्यांचा पाठिंबा होता, पण तो बारगळला. त्याच वर्षी त्यांनी आक्रमणासाठी लेन किफिनना आणलं आणि तोच वेग आपल्या टीममध्ये आणला. २०१५च्या सीझनचं राष्ट्रीय विजेतेपद त्यांचं. कोच स्वतः वळला की असं होतं.

एकच गोष्ट बदला, आणि त्यात जुनी ठेवा

आता मैदानावर काय करायचं ते.

फॉर्मेशन बदलू नका. आमचं ४-४-२ (चार मागे, चार मध्ये, दोन पुढे) होतं, अजून तेच आहे. फक्त गोल किक. दोन स्टॉपर छोट्या चौकोनाच्या दोन कोपऱ्यांपाशी, एक उजवीकडे, एक डावीकडे. दोन्ही बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, मोठ्या चौकोनाच्या बाहेर, बाजूच्या रेषेजवळ. एक हाफ 'डी'पाशी, म्हणजे मोठ्या चौकोनाला लागून असलेल्या अर्धगोलापाशी. बाकीचे पाच जण पुढे, सरांना हवे तिथे, लांब किकची वाट बघत.

गोलकीपर आधी समोरचे मोजतो. चौकोनाच्या कडेवर एकच जण उभा असेल तर चेंडू दूरच्या स्टॉपरला. दोघे असतील तर स्टॉपरला देऊन परत घ्यायचा आणि मोकळ्या बॅकला द्यायचा. पायानं परत आलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही हे पोरं विसरतात, तेव्हा ते पहिल्या दिवसापासून घोकून घ्या. तिघे किंवा जास्त आले तर? तर लांब. सरांचीच लांब किक. पण आता त्यांचे तिघे-चौघे आपल्या गोलाजवळ अडकलेत, म्हणजे मधल्या रेषेपाशी जिथे पूर्वी दहाविरुद्ध दहा ढकलाढकली चालायची तिथे आपले पाच आणि त्यांचे सहा-सात. दुसऱ्या चेंडूसाठी जागा मिळते.

मी सरांना हेच सांगितलं. "सर, लांब किक बंद करायची नाही. ती मारायच्या आधी त्यांना पुढे ओढून घ्यायचं." यावर ते तयार झाले, आणि मला ठाऊक आहे की फक्त आखूड खेळूया म्हटलं असतं तर झाले नसते.

सराव रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. चौघे आपले आणि गोलकीपर, तिघे समोरचे, खऱ्या पेनल्टी एरियात. स्टॉपरला एकच गोष्ट शिकवायची. चेंडू घेताना अंग गोलाकडे तोंड करून नको, तिरपं उघडं हवं, लांबचा पाय पुढे. आमच्या उजव्या स्टॉपरला हे दोन आठवडे जमेना. चेंडू आला की तो दोन्ही पाय जोडून उभा राहायचा, रांगेत उभं असल्यासारखा. शेवटी सरांनीच त्याला बोलावलं, त्याच्या खांद्यांना धरून पाऊण वळवलं, डाव्या बुटानं मातीत एक रेघ ओढली आणि म्हणाले, "हा पाय रेघेच्या पलीकडे. चेंडू येईल तेव्हा तुला मी दिसलो पाहिजे." आणि स्वतः टचलाइनवर जाऊन उभे राहिले. पोरगा चेंडू घ्यायचा आणि ओरडायचा, "दिसलात सर!" तिसऱ्या दिवशी त्याचं अंग आपोआप वळायला लागलं. मी शंभर व्हिडिओ दाखवून हे झालं नसतं.

शब्द दोनच ठेवा. आम्ही 'आखूड' आणि 'लांब' ठेवले. शेवटचा शब्द कोचचा. गोलासमोर पाणी साचलं असेल तर लांब, त्यावर चर्चा नाही. हा अधिकार कोचकडे राहिला की त्यांच्या मनातली निम्मी भीती जाते. आणि चेंडू गोलाच्या तोंडासमोरून आडवा द्यायचा नाही, ही आमची लक्ष्मणरेषा.

कोचना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारा

हे मला अचानक सापडलं. एकदा स्कूटरवरून घरी सोडताना मी सरांना विचारलं, लहानपणी कुठे खेळायचात? म्हणाले, देवळाच्या मागच्या मोकळ्या जागेत. जागा एवढीशी, चारी बाजूंनी कुंपण, चेंडू उडवला तर तळीत. म्हणून सगळं जमिनीवरून. समोर कुणी आला की चेंडू कुंपणावर आपटायचा आणि पलीकडून परत घ्यायचा. "कुंपण म्हणजे आमचा बारावा खेळाडू," ते हसून म्हणाले.

आखूड पासचा खेळ त्यांच्या पायात मुळातच होता. मोठ्या मैदानावर, मोठ्या सामन्यांत, हरण्याच्या भीतीनं तो मागे पडला. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः पोरांना सांगितलं की हाफ म्हणजे कुंपण. स्टॉपरनं त्याच्यावर आपटायचा आणि बाजूला सरकून परत घ्यायचा. आमच्या टीममध्ये त्या पासला अजून 'कुंपण' म्हणतात.

उदाहरण द्यायचंच तर घरचं द्या. सरांना परदेशी क्लबांची नावं घेतलेली आवडत नाहीत, पण कोच आर्मांदो कुलासोंचा गोव्यातला धेंपो क्लब म्हटला की ते सरळ होऊन बसतात. क्लायमॅक्स लॉरेन्स, समीर नाईक, महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा ही आपल्या गावांतून आलेली पोरं, आपल्याच मैदानांवर घडलेली, आणि २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं. आपल्या मातीत पासिंग होत नाही असं त्यानंतर कुणी म्हणू शकत नाही.

पहिला गोल खाल तेव्हा

खाल. हे आधीच बोलून ठेवा. मी सरांकडून चार सामन्यांचा शब्द घेतला होता. काहीही झालं तरी चार सामने, मग वही बघून ठरवू.

पहिला सामना बरोबरीत गेला, दुसरा जिंकलो. तिसऱ्यात, सकाळी पाऊस पडून गेलेला, माती ओलसर पण पाणी नव्हतं, सरांनी 'आखूड' सांगितलं. विसाव्या मिनिटाला गोलकीपरनं उजव्या स्टॉपरला चेंडू दिला. त्यानं अंग नीट उघडलं, सगळं बरोबर केलं, आणि बॅककडे पास देताना टेकवलेला पाय सरकला. चेंडू जेमतेम दोन हात गेला. त्यांच्या स्ट्रायकरनं चालत जाऊन गोल केला.

पोरगा तिथेच गुडघ्यांवर बसला. बाहेरून दोघे-तिघे ओरडले, "उडव की रे!" मी सरांकडे बघितलं. त्यांचा हात शिट्टीवर होता, बोटं घट्ट. पाच मिनिटांनी परत गोल किक मिळाली. गोलकीपरनं सरांकडे पाहिलं. सगळ्या टीमनं पाहिलं. सर म्हणाले, "आखूड."

तो सामना आम्ही १-२ असा हरलो. नंतर सरांनी स्टॉपरला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "आखूड मी म्हटलं होतं. गोल माझ्या नावावर लिही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझा शब्द चार सामन्यांचा आहे."

हे बोलायला जो माणूस लागतो तो तुम्ही वाद घालून तयार करू शकत नाही. पण त्याला आधीपासून माहीत असायला हवं की असा गोल येणार आहे. न सांगता आलेला पहिला गोल सगळं परत जुन्या जागी नेतो.

कधी थांबावं

पोरांना जमत नसेल तर थांबा. यात कमीपणा नाही. अमेरिकेतल्याच नेब्रास्का विद्यापीठाचं उदाहरण भाच्यानं सांगितलं. चेंडू घेऊन पळण्याच्या खेळावर अनेक दशकं जिंकलेली टीम. २००४ला नवे कोच बिल कॅलहान आले आणि एकदम फेकण्याचा खेळ आणला. खेळाडू बहुतेक जुन्या पद्धतीसाठी निवडलेले. ५-६ असा सीझन गेला, १९६१नंतरचा पहिला तोट्याचा. नवी पद्धत वाईट होती असं नाही, पण ती खेळणारे पाय दुसरे होते.

आमच्याकडे पुढच्या वर्षी गोलकीपर बदलला. नव्या पोराचे हात उत्तम, पाय कच्चे. सहा आठवडे आम्ही सगळ्या किक लांब मारल्या. काही पोरं कुरकुरली की पुन्हा जुनंच सुरू झालं. तेव्हा त्यांना सरांनी नाही, मी समजावलं. ते माझं काम होतं.

चौथ्या सामन्यानंतर वही उघडली तेव्हा चार सामन्यांत ३८ गोल किक होत्या, २१ आखूड, १७ लांब. आखुडांपैकी १५ वेळा चेंडू मधल्या रेषेपलीकडे आपल्याच पायात पोचला होता. पण सरांचं बोट दुसऱ्याच ओळीवर थांबलं. लांब मारलेल्या १७ पैकी १० वेळा दुसरा चेंडू आमचा होता. पूर्वी तीनात एकदा मिळायचा. आपली लांब किक सुधारली, याचा त्यांना जास्त आनंद झाला, आणि तो आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर बघत राहिलो.

आता सर सामन्याआधी स्वतः छोट्या चौकोनात जातात. बुटाच्या टाचेनं चार ठिकाणी माती दाबून बघतात, पाणी वर येतं का. मग गोलकीपरला बोलावून शब्द देतात. गेल्या शनिवारी ते टाच झाडत बाहेर आले आणि मला म्हणाले, "रे, थ्रो-इन मोजलेस का कधी? आपण सगळे रेषेला समांतर पुढे टाकतो. माझ्या मते निम्मे जातात." मी वही काढली आणि नव्या पानावर चार रकाने आखायला घेतले. "पाच आख," ते म्हणाले, "कुणी टाकला तेही लिही."